विहिरीवरचा व्हिडिओ

त्या उन्हाळ्यात मी सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर शाळेत शिकवत होते. तिथली विहीर होळीनंतर कोरडी पडते. मग टँकर येतो, विहिरीतच पाणी ओततो आणि बायका ते शेंदून घेतात. टँकर अर्धाच भरून येतो, अशी आमची तक्रार होती. तालुक्याला कळवलं की उत्तर यायचं, ‘पुरावा पाठवा.’ म्हणून त्या दिवशी मी फोन काढून टँकरचं चित्रण करत उभी राहिले.

पाणी अजून पडतच होतं, तेवढ्यात शेजारच्या पाड्याची माणसं आली. आधी कुणी शेंदायचं यावरून वाद पेटला. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील सगळ्यांत पुढे होते. ते हात उंचावून ओरडत होते आणि त्याच वेळी काठावरची एक बाई आत पडली. लोकांनी हात पाहिला आणि बाई पडलेली पाहिली. मधलं कुणी पाहिलं नाही. मी संध्याकाळी व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. त्यांचा हात तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिच्या पायाखालचा दगड निसटला होता, तो दगड हलतानाही दिसत होता.

बाई वाचली, पण तिच्या मांडीचं हाड मोडलं. तिला जव्हारला दवाखान्यात नेलं आणि तिला ढकललं अशी तिच्या दिराने तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांना पोलीस घेऊन गेले.

मी व्हिडिओ कुणाला पाठवू शकले नव्हते. आमच्याकडे रेंज फक्त टाकीजवळच्या वळणावर येते, तीही मर्जी असेल तेव्हा. मी तिकडे निघणार, तोच शाळेत हवालदार आले. माझ्याकडे चित्रण आहे हे त्यांना कळलं होतं. मला हायसंच वाटलं.

“आत्ताच बघा ना, मी उघडून दाखवते,” मी म्हटलं.

“मी बघून काय उपयोग, मॅडम? लॅबवाल्यांनी काढला तर कोर्टात चालतो. आपण बोट लावलं तर तिथे शंभर प्रश्न निघतात.”

मुख्याध्यापकांसमोर पंचनामा झाला. फोनचा रंग, काचेवरचा ओरखडा, सगळं लिहून घेतलं. हवालदार काळजी घेणारे होते. “चार्जिंगला लावून ठेवतो,” ते म्हणाले. “बंद पडला की पुन्हा उघडायला कटकट.”

दुपारी सोबतच्या शिक्षिकेचा फोन मागून मी वळणावर गेले आणि नाशिकला मुलाला फोन लावला. तो तिथे नोकरीला आहे. “अरे, माझा फोन गेला,” एवढं मी बोलले आणि रेंज तुटली. पोलिसांनी नेलाय, काळजी करू नकोस, हे पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. पुन्हा लावून पाहिलं, लागला नाही. घंटा व्हायची वेळ झाली होती, मी परत फिरले.

आठवडाभरात फौजदारांचं बोलावणं आलं. मी जीपने ठाण्यात गेले. माझा फोन टेबलावर चार्जिंगला होता आणि पडद्यावर लिहिलं होतं, ‘भाषा निवडा’.

“हे काय आहे?” फौजदारांनी विचारलं.

मला खरंच कळेना. नवा फोन पहिल्यांदा चालू केल्यावर येतो तसा तो पडदा होता. फोटो नाहीत, नंबर नाहीत, काहीच नाही.

“कुणी पुसला?”

“तो तुमच्याकडे होता,” मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

“इथे कुणी हातही लावलेला नाही. वाजत होता, तरी उचलला नाही. पंचनामा झालेली वस्तू आहे.”

फौजदारांनी टेबलावरचा लँडलाइन पुढे केला. मुलाचा नंबर मला पाठ होता. तो उचलल्या उचलल्या म्हणाला, “आई, काळजी करू नकोस, मी सगळं पुसून टाकलंय. चोराला काही मिळणार नाही.”

फोन विकत घेतला तेव्हा त्यानेच ती सोय करून ठेवली होती. चोरीला गेला तर लांबूनही सगळं पुसता येतं. मला त्याने समजावलंही होतं. माझ्या तुटक्या वाक्यावरून फोन चोरीला गेला असं त्याला वाटलं. त्याने रिंग देऊन पाहिली, कुणी उचलेना, त्यात बँकेचं सगळं फोनमध्येच. त्याने त्याच दिवशी पुसायची आज्ञा पाठवून दिली. डोंगरावर माझ्या पर्समध्ये असता तर त्या फोनला ती मिळालीही नसती. ठाण्यात मात्र रेंज चांगली होती आणि हवालदारांनी त्याला एक क्षणही बंद पडू दिलं नव्हतं.

मी त्या खुर्चीत बसून कुणावर चिडायचं ते शोधत होते. मुलाने आईची काळजी केली. हवालदारांनी नियम पाळला. फोनने सांगितलेलं काम चोख केलं. आणि एक निर्दोष माणूस कोठडीत होता.

“परत आणता येईल ना काही?” मी विचारलं.

“लॅबला पाठवतो,” फौजदार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मला वाचता येत होतं. हिने मुद्दाम केलं, फक्त कुणासाठी ते कळत नाही.

परतल्यावर त्या मुलीची आई शाळेच्या दारात उभी होती. “बाई, तुमचे फोनात तं सगळा हाये ना?”

मी सांगितलं. लांबून पुसला जातो, हे तिला पटेना. “तो तं पोलिसाकडं होता. मग नाशिकहून कसा पुसला?” मी पुन्हा सांगितलं, मग आणखी सोपं करून सांगितलं. शेवटी ती घराकडे वळली. तिला समजलं म्हणून नाही, माझ्या बोलण्यावर विश्वास उरला नाही म्हणून.

लॅबचं उत्तर पावसाळ्यात आलं. काही मिळालं नाही. तोवर मुलीच्या वडिलांना जामीन झाला होता. आवणी, म्हणजे भातलावणी, चालू असताना कोर्टाच्या तारखेला जायचं म्हणजे शेतावरचा दिवस बुडतो, पण ते जातात. पडलेल्या बाईला मी जाऊन विचारलं. ती खरं तेच सांगते, “मला काही आठवत नाही.” मी पाहिलं ते जबाबात लिहून दिलं आहे आणि साक्षीला माझं नाव आहे. मुलगी शाळेत येते, पण आता मागच्या रांगेत बसते.

तिच्या वडिलांचे वकील परवा मला भेटले. म्हणाले, “समोरचे पहिला प्रश्न विचारतील, फोन कुणी पुसला. काय सांगाल?”

“माझ्या मुलाने,” मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.