शेऱ्यातलं माळवद

चन्नप्पा कुणाच्याही छतावर चढण्याआधी चपला जिन्याच्या पहिल्या पायरीशी काढून ठेवतो. गळ्यातलं लिंग बघून घरमालकांना वाटतं, भाविक माणूस आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "भाऊसायेब, टेप नुसती लांबी सांगतीय. छत कशाचं हाय ते पायाला कळतंय."

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमची कचेरी आहे. जिल्ह्यातल्या चार लहान नगरपरिषदांच्या हद्दीतली घरं मोजायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि कर आकारणीसाठी त्या पाठवायच्या, हे आमचं कंत्राटी काम. मी हेडक्लार्क. शिक्षण बी.कॉम., येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. चन्नप्पा मोजणीदार, मूळचा मैंदर्गीचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. सत्तावीस वर्षं आम्ही एकत्र आहोत, पण त्याच्याबद्दल मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरातल्या एका दुपारनंतर लिहावंसं वाटलं.

त्याला भीती फार. लग्नाला गेला तर जेवायला दाराजवळच बसणार. एखाद्या जुन्या घरात मालकाने आग्रह केला, तरी चहा बाहेर ओट्यावर घेणार. कचेरीत त्याची थट्टा ठरलेली. "चन्नप्पा, स्वतःच्या लग्नात तरी मांडवात उभा राहिलास, की बाहेरूनच माळ फेकलीस?"

"मांडव कापडाचा असतो की," तो शांतपणे म्हणायचा. "पडला तर कुणी मरत न्हाय."

जुन्या छताखाली त्याचं लक्ष सारखं वर असायचं. "काय बघतोस रे?" मी एकदा म्हटलं.

"आदी माती गळती, भाऊसायेब. मग लाकूड येतंय. मदी येळ लई थोडा असतोय."

"तुला कुणी सांगितलं?"

"बगितलंय," एवढंच म्हणाला आणि टेप गुंडाळायला लागला. पुढे मीही विचारलं नाही.

आमच्या भागात माळवदाची घरं पुष्कळ. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात खाली गारवा असतो. पण निगा राखली नाही, तर पावसात माती पाणी पिते, जड होते आणि तुळया वाकतात. हल्ली लोक वरून सिमेंटचा कोबा ओढतात, खालून प्लायवूड ठोकतात. मग बघणाऱ्याला ते स्लॅबसारखंच दिसतं.

सुमारे वीस वर्षांपूर्वी कचेरीत पहिलं सॉफ्टवेअर आलं. छताच्या रकान्यात निवडायला चारच पर्याय होते: आरसीसी, पत्रा, कौल, गवती छप्पर. ते बनवणाऱ्यांनी माळवद पाहिलेलं नसावं. पर्याय निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. चन्नप्पा वही घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. "माळवद कशात घालू?"

मी हिशोबी माणूस. रकाना रिकामा राहता कामा नये, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "सपाट आहे ना? आरसीसी टाक. आणि शेऱ्यात 'मा' लिहून ठेव, म्हणजे आपल्याला कळेल."

ते आम्हाला कळत राहिलं. वीस वर्षं चन्नप्पा प्रत्येक माळवदाला न चुकता 'मा' लिहीत गेला, आणि आकारणीच्या वेळी तो शेरा बघून मी दर बदलत गेलो. ही पद्धत लेखी कुठेच नव्हती. ती त्याच्या आणि माझ्या डोक्यात होती.

मागच्या वर्षी जुनं सॉफ्टवेअर बंद करून इमारत मूल्यांकनाचं नवं टूल घ्यायचं ठरलं. छताचा प्रकार, मजले, वय आणि घसारा धरून ते इमारतीची किंमतही काढतं आणि मजबुतीही सांगतं. माहिती नव्यात हलवायला पुरवठादाराकडून ऋतुजा नावाची बाई आली. हुशार, कामाला चोख. तिने जुळणीचा तक्ता केला: जुना रकाना डावीकडे, नवा उजवीकडे. शेऱ्यापाशी ती थांबली.

"सर, या रकान्याला नव्यात जागा नाही. बहुतेक ठिकाणी रिकामा आहे, नाहीतर एखादं अक्षर. ठेवायचाय का?"

त्या दिवशी माझ्यापुढे बेरजा होत्या. मालमत्तांची संख्या, एकूण क्षेत्रफळ, मजले, जुन्याशी नवं ताडून बघायचं होतं. मी तक्त्यावर नजर फिरवली आणि 'आवश्यक नाही' असं लिहून सही केली. संध्याकाळी चारही गावांच्या बेरजा शेवटच्या आकड्यापर्यंत जुळल्या. मी घरी जाताना पेढे नेले. चन्नप्पा त्या आठवड्यात नातेपुत्याकडे मोजणीवर होता. त्याला विचारावं, असं माझ्या मनातही आलं नाही.

सप्टेंबरात सलग चार दिवस पाऊस झाला. अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावात, नाव लिहीत नाही, ओढ्याचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं. सकाळी तिथल्या मदत कक्षातून आमच्याकडे मागणी आली: वरचा मजला असलेल्या, आरसीसी छताच्या मोठ्या इमारती कोणत्या? लोकांना हलवायचंय. जुन्या सॉफ्टवेअरमधून अशी यादी काढायला दोन दिवस लागले असते. नव्या टूलसाठी अजून आमच्याकडेच असलेल्या ऋतुजाने दोन मिनिटांत काढली. अकरा इमारती. मला अभिमान वाटला. मी सही करून साडेदहाला यादी पाठवली.

दीडच्या सुमाराला चन्नप्पा भिजून आला. डबा काढताना त्याची नजर टेबलावरच्या प्रतीवर पडली. तो बोटाने एकेक ओळ वाचत खाली आला आणि सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"भाऊसायेब, ह्ये कुणी दिलं?"

"मीच. का?"

"सात नंबर. जुनं मंगल कार्यालय. त्ये माळवद हाय."

"टूलमध्ये आरसीसी आहे."

"तुमीच म्हनला होता की, आरसीसी टाक म्हनून. शेऱ्यात बगा."

शेरा नव्हता. ऋतुजाने जुनं सॉफ्टवेअर उघडलं. महिनाअखेरीपर्यंत ते चालू होतं, हे नशीब. मालमत्ता क्रमांक टाकला. छत आरसीसी, मजले दोन, शेरा 'मा'.

"चार दिस झाले पाऊस पडतोय," चन्नप्पा म्हणाला. "कोब्याला चिरा हायत. मी पायानं बगितल्यात. वरच्या हालवर सगळी माती बसलीय. प्यायली आसंल पाणी."

मी मदत कक्षाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. पलीकडचा माणूस दमलेला होता.

"सात नंबरात माणसं नेऊन झाली. वर बसवलीत. का?"

"ती इमारत सुरक्षित नाही. नोंदीत चूक आहे."

"साहेब, सकाळी तुम्हीच पक्की म्हणालात. सही आहे तुमची. आता दुपारी कच्ची? लेखी द्या, मग वर विचारतो. आधीच इथं माणसं कमी आहेत." फोन बंद झाला.

मी लेटरहेड पुढे ओढलं. 'माझ्या चुकीमुळे' हे दोन शब्द लिहिले आणि पेन थांबलं. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही, पण थांबलो हे खरं आहे. चन्नप्पा माझ्याकडे बघतही नव्हता. भिजलेल्या बोटांनी त्याला स्वतःच्या मोबाइलवर नंबर लावता येईना. शेवटी ऋतुजाने लावून दिला आणि फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला.

पलीकडे रत्नम्मा होती. त्या गावात तिची खानावळ. मोजणीला गेला की चन्नप्पा वर्षानुवर्षं तिच्याकडे जेवतो, अर्थात ओट्यावर बसून. लोकांसाठी भात करायला तिलाच त्या कार्यालयात बोलावलं होतं.

"रत्नम्मा, म्यालिंद मण्णु बीळाकत्तैतेनु?" त्याने कन्नडमधून विचारलं. वरून माती पडतीय का?

"पडतीय तर," ती मराठीत खेकसली. तिच्या मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. "भात वर आणून ठिवलाय, त्यात पडतीय. प्लायवूडच्या फटीतनं. मगाधरनं पातेल्यावर ताट झाकलंय मी. तुला सोलापुरात बसून कसं कळलं?"

चन्नप्पाने डोळे मिटले. "सगळ्यांना भायेर काड. आत्ता."

"तुज्या तोंडात माती! भायेर पाऊस बगितलास का? सायबांनी बसवलंय लोकांना. माजं कोण ऐकतंय? आन तू तर जन्माचा भित्रा. माज्या खानावळीत तरी कदी आत आलास का?"

माझी खात्री झाली की आता हा रडणार. मी लिहायला लागलो. दोन ओळींत सगळं लिहिलं, कुणाची चूक तेही. ऋतुजाने कागदाचा फोटो काढून मदत कक्षाला पाठवला. तेवढ्यात चन्नप्पाचा आवाज बदलला. हिशोब सांगावा तसा तो बोलायला लागला.

"रत्नम्मा, कुणाला काय सांगू नको. नुसता भात उचल. चढावर शेंगांचं गोदाम हाय बग, पत्र्याचं. जोतं चार फूट हाय, मी मोजलंय. पत्र्याखालच्या कैच्या लोखंडी हायत. चावी राखणदाराकडं, बसूकडं. पातेली तितं ने आन म्हन, पंगत हितं न्हाय, तितं. सकाळधरनं उपाशी हायत. भाताच्या मागं येतील."

तिने कुणालातरी हाक मारली, आणि भांडी ओढल्याचा आवाज आला. "ए, धरा रे! पंगत गोदामात! पत्रावळ्या तितंच मिळतील, हितं कुनाला न्हाय!"

शिव्या ऐकू आल्या. मुलं रडली. कुणीतरी ओरडलं, "येकदा वर, येकदा खाली, आमी काय मेंढरं हाय का?" पण जिन्यावर पावलं वाजायला लागली. पुष्कळ पावलं. तो आवाज आम्हा तिघांना नकोसा वाटत होता. इतकी माणसं एकाच वेळी चालली, तर वरचं हादरेल का, हे मला चन्नप्पाला विचारायचं होतं. त्याचा चेहरा बघून विचारलं नाही.

वीस मिनिटं गेली. मग पावसाचा आवाज बदलला, पत्र्यावर पडल्यासारखा झाला. रत्नम्मा धापा टाकत होती.

"आली सगळी. वर माणसं मोजली हुती, तितक्याच एकसष्ट पत्रावळ्या मांडल्या. जेवाया बसलीत." मग ती म्हणाली, "येक उरलीय."

मला बेरजेची सवय. जेवायला बसलेले साठच.

"कोण न्हाय बग," चन्नप्पा म्हणाला.

"हिंदुराव न्हाय. म्हातारा. बहिरा हाय, कोपऱ्यात शेळ्या घिऊन झोपला हुता."

"बसूला धाड."

"बसू पोत्यांच्या मागं चूल लावतोय. मीच जाते."

"तू नको जाऊस!" चन्नप्पा उभाच राहिला. पण ती निघाली होती. फोन बहुतेक तिच्या कनवटीला होता. लुगड्याची सळसळ, पाण्यातली पावलं, मग जिना. मग वर कसलातरी बारीक आवाज, सुपातून गहू ओतावेत तसा. चन्नप्पाने टेबलाची कड घट्ट धरली. त्याने तो आवाज ओळखला होता.

"ए हिंदुराव! ऊठ की! ऐकाया येत न्हाय तर बग तरी वर!"

"शेळी... शेळी घिऊ दे..."

"घे तुजी शेळी! दोन्ही घे! चल!"

जिना. एका शेळीचं ओरडणं. एकदा पाय घसरल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. मोजून बघितलं नाही, पण माझ्या हिशोबाने ते अर्धं मिनिट असेल. ऋतुजा ओढणीचं टोक दातांत धरून उभी होती. मग रत्नम्माचा आवाज आला, उघड्यावरचा, पावसातला.

"भायेर आलो. म्हातारा माजाच पाय तुडवून पुडं गेला."

चन्नप्पा खाली बसला. खुर्चीवर नाही, फरशीवर. डबा तसाच राहिला.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना वरच्या हॉलचं अर्धं छत खाली आलं. आत कुणी नव्हतं. रत्नम्माने फोन करून सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "आता तरी माज्या खानावळीत आत येऊन जेवशील का?"

"तुजं पण माळवदच हाय," चन्नप्पा म्हणाला. "उद्या येतो. पायानं बगतो."

माझ्या पत्राची चौकशी चालू आहे. त्यात जे होईल ते होईल. जुनं सॉफ्टवेअर बंद होण्याआधी ऋतुजाने शेऱ्याचा रकाना पूर्ण काढून घेतला. चारही गावं मिळून 'मा' निघाले एक हजार तीनशे शेहेचाळीस. नव्या टूलमध्ये आता माळवद हा वेगळा पर्याय आहे, आणि त्यातलं प्रत्येक घर पुन्हा बघायचं असं ठरलंय. रात्री पाऊस लागला की मला तो आकडा आठवतो आणि झोप येत नाही. प्रत्येकाखाली कुणीतरी झोपलेलं असतं.

ऑक्टोबरपासून शनिवारी मीही चन्नप्पाबरोबर जातो. पहिल्या घराच्या जिन्याशी त्याने चपला काढल्या. मी बूट काढले, मोजे काढले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माळवदावर उभा राहिलो. पायाखाली गार होतं, आणि कुठेतरी किंचित दबत होतं.

"काय कळलं, भाऊसायेब?"

"काही नाही रे. नुसती भीती वाटते."

"तितनं हलू नका," तो म्हणाला. तो हळूच माझ्याजवळ आला, वाकून माझ्या पावलाभोवती खडूने गोल काढला, आणि खाली अंगणात उभ्या असलेल्या बाईला हाक मारून म्हणाला, "अक्का, ह्येच्याखाली कोण झोपतंय? आजपासनं भायेर झोपा."