ढगांवरची मिठाची वाट

“वाट कुठं जाते ते मागाहून बघू, आधी तिच्यावरून काय जातंय ते बघा,” असं भाईंदर पश्चिमेचे बबनराव भोईर येता-जाता म्हणायचे. घरची मिठागरं गेली, तेव्हा त्यांनी मनातच एक मुलूख वसवला. तिथे ढगांवरून चालणारे बैल समुद्राकाठचं मीठ डोंगरातल्या बुटक्या लोकांकडे नेत आणि मधाचे बुधले घेऊन परतत. बागेतले म्हातारे रोज संध्याकाळी त्या मुलखाचा इतिहास ऐकत.

पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती वाट एका दिवसात का बंद पडली, हे बबनरावांना काही केल्या सुचेना. त्या म्हाताऱ्यांपैकी जितेंद्र पाटलांनी तर काल बजावलं होतं, “शेठ, उद्या कारण सांगा, नाहीतर आम्ही पत्ते काढतो.”

त्याच काळजीत ते दुपारी जेवायला बसले. कालवण अळणी लागलं, म्हणून त्यांनी हात पुढे केला. द्वारकाबाईंनी मीठ ताटाच्या कडेला ठेवलं.

“हातावर दे की.”

“न्हाय देत. मीठ हातावर दिलं का भांडण होतं. इतकी वर्सं झाली, ठावं न्हाय?”

बबनराव थबकले. “द्वारके, बैल हाकणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यानं बुटक्यांच्या हातावरच मीठ दिलं असंल!”

“कुठला व्यापारी? जेवा आधी.”

पण ते उठले, हात धुतले आणि चपला सरकवून निघाले. बाग भरायला अजून बराच अवकाश होता. भर उन्हात एकटेच हातवारे करत चाललेल्या नवऱ्याकडे द्वारकाबाई खिडकीतून बघत राहिल्या. ते बुटके भांडताना काय काय बोलले असतील, हे आता त्यांनाही ऐकायचं होतं.