मुलाखती उतरवायची सावड

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. पण पीएच.डी.ला लागले तेव्हा चार बायांत काय सांगावं ते आईला कळेना. मास्तरीण होणार, साहेब होणार, असलं काही असतं तर सोपं होतं. "माही पोरगी, बाया मोबाइलात काय पायतात थे पायते," असं ती एकदा देऊळगाव राजाच्या बाजारात म्हणाली, तर समोरची बाई म्हणाली, "मंग तिले कोन पायते?"

विषय खरंच तेवढाच होता. भाजी पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका मोबाइलवर काय पाहतात, कधी पाहतात, कोणापासून लपवून पाहतात. मी स्वतः भाजीवाल्यांच्या घरातली, म्हणून बायका माझ्याशी मोकळं बोलल्या. मुलाखती भरपूर झाल्या. त्या कागदावर उतरवायचं मात्र राहून गेलं, कारण सकाळी मी चिखलीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि दुपारनंतर घरची मेथी-पालक असायची. तासाभराचं बोलणं शब्द न शब्द उतरवायला अख्खा दिवस जातो. आणि इकडे माझे मार्गदर्शक सर निवृत्त होणार होते. त्यांच्या निवृत्तीआधी प्रबंध गेला नाही तर नवा मार्गदर्शक शोधायचा, त्याला विषय पटवायचा, सगळं पहिल्यापासून. तेवढा दम माझ्यात नव्हता. मी ते सोडून दिलं असतं, हे सरांनाही ठाऊक होतं.

सरांच्या विद्यार्थ्यांत एक रीत आहे. शेतात जशी सावड करतात, आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही, तशी यांची मुलाखतींची सावड. ज्याच्या मुलाखती अडल्या असतील त्याच्या घरी बाकीचे विद्यार्थी, जुनेसुद्धा, येतात, पडेल त्या कोपऱ्यात बसतात आणि कानाला वायर लावून टाइप करत राहतात. मी इतरांच्या घरी अशी बसले होते. आता माझी पाळी आली.

दिवाळीनंतर तिघं आले. ताई सगळ्यांत मोठी, रेडिओवर नोकरीला. एक भाऊ अकोल्याच्या पेपरात. आणि एक पुण्याचा दादा, तिकडच्या कॉलेजात प्राध्यापक, ज्याला आमची बोली निम्मीच कळायची. आईने पहिल्याच दिवशी वरण-बट्टी केली आणि दादाने वरणात बट्टी अख्खी बुडवली तेव्हा म्हणाली, "अरे बाप्पा, चुरा न तिले. थे काय पोहाले सोडली का?"

या लोकांना घरात ठेवणं सोपं नाही. सरांनी आम्हाला शिकवलंय की पडद्याकडे पाहू नका, पडदा पाहणाऱ्याकडे पाहा. ती सवय जात नाही. आई दुपारी भिंतीला टेकून मोबाइलवर भजन लावून बसली, तर तिघांचे हात थांबले. अंगठा कधी सरकतो, कुठे हसते, सगळं टिपणं सुरू. आईने पदर सावरला आणि मला म्हणाली, "काऊन व, हे सारे माह्याकडंच काऊन पाहून राह्यले? मेल्यावानी बसली का मी?"

"काम करा," ताई ओरडली. पण तीही पाहत होतीच.

दुसऱ्या दिवशी दादा एका मुलाखतीत अडकला. सरांचा पक्का नियम आहे: बाईचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. आणि आवाज कानाच्या वायरीतूनच ऐकायचा, घरात मोठ्याने लावायचा नाही. दादाला बोलणं कळेना. उंबऱ्यात आई मेथी निवडत होती. दादाने सरळ वायर उपसली आणि म्हणाला, "आई, ही बाई काय म्हणतेय, जरा ऐका ना."

आवाज घरभर झाला. ती बाई सांगत होती की ती पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवते, भाजी निवडतानाचे फक्त हात दिसू देते, वर गाणं म्हणते आणि ते सगळ्या जगाला पाठवून देते. चेहरा दाखवत नाही. घरात कोणालाच माहीत नाही. "सासूले वाटते, मी रेडिओच लावला," असं म्हणून ती खळखळून हसली.

आईचे हात थांबले. "अवं, हे तं आपली सांभारवाली! बाजारात माह्या बाजूले बसते."

सांभार म्हणजे कोथिंबीर. त्या बाईला मी सांगितलं होतं की तुमचा आवाज आम्हा अभ्यास करणाऱ्यांशिवाय कोणी ऐकणार नाही. आणि ऐकला कोणी, तर बाजारात तिच्या शेजारी बसणारीने.

दादाचा चेहरा उतरला. पेपरवाला भाऊ म्हणाला, "आई थोडीच कोणाला सांगणार आहेत?"

"मी काऊन सांगन?" आई म्हणाली.

"प्रश्न तो नाहीच," ताई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुलाखत तिची आहे, तुझी नाही. जाऊन सांग तिला. ती म्हणाली काढून टाक, तर काढायची." माझं एक अख्खं प्रकरण तिच्या बोलण्यावर उभं होतं. ते काढलं की पुन्हा लिहायचं, आणि तेवढ्यात सर निवृत्त. सरांना हे कळत होतं. तरी त्यांनी आवाज बदलला नाही.

सकाळी आम्ही चौघं निघालो तर आईने चप्पल घातली.

"तू कुठे?"

"आयकलं कोनं? मीनं. मंग तुमी चार शिकेल लोकं जाऊन काय सांगसान तिले?"

जीपमधून उतरलो तर दारातच तिची सासू. आई पुढे झाली. "सांभार पाहाले आलो, माय. हिरवा हाय म्हनतात तुमचा." सासूने शेताकडे हात केला. शेतात पोचल्यावर आईने आम्हाला विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि एकटीच वाफ्यात गेली.

संज्ञापनाचा, म्हणजे माणसं एकमेकांशी कसं बोलतात त्याचा, अभ्यास केलेले आम्ही चौघं, आणि एक शब्द ऐकू येईना. ती बाई उठून उभी राहिली. विळा खाली टाकला. आई बोलत होती. बाईने कमरेवर हात ठेवले, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि मी मनात ते प्रकरण फाडून टाकलं. मग आईच बोलत राहिली, बराच वेळ, जमिनीकडे पाहत. आई एवढं सलग बोलताना मी घरात कधी पाहिली नाही. बाई हळूच खाली बसली. मग तिने तोंडाला पदर लावला. दोघी हसत होत्या.

"काय सांगत असतील?" दादा पुटपुटला.

"गप बस," ताई म्हणाली.

ती बाई आमच्याकडे आली आणि दादासमोर उभी राहिली. "वायर काढनारे तुमीच का?"

"चुकलं माझं, ताई."

"चुकलं तं चुकलं. तिनं तिचंही सांगतलं मले. फिटलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिव तू. पन माहा सांभार काढ तिथून. दुसरं काईतरी लाव."

तसं लावलं. प्रबंधात ती वेगळंच काहीतरी विकते, आणि इथे मी सांभार लिहिलाय तोही खरा नाही. ती काय विकत नाही एवढंच तुम्हाला कळलं.

परतताना जीपमध्ये दादाला राहवेना. "आई, तुम्ही काय सांगितलं तिला?"

"तुमचं काम झालं न? मंग घरी चला अन् टाइप करा."

त्यांनी केलं. उरलेल्या साऱ्या मुलाखती उतरवूनच तिघं गेले. प्रबंध सरांच्या सहीने वेळेत गेला, आणि पुढे आमच्या घरात पहिली डॉक्टरही मीच झाले. तेही मी कुठेही सांगते.

आईला मात्र मी पुष्कळदा विचारलंय. सरळ विचारलं, आडून विचारलं, भाकरी थापताना, झोपताना, जेवढ्या म्हणून पद्धती सरांनी शिकवल्या तेवढ्या वापरून पाहिल्या. ती एकच सांगते. "आता थे निस्तं माहं नाही राह्यलं, तिचंही हाय. तिले इचार पयले. थे हो म्हनली तं सांगतो."

बाजारात मी त्या बाईला दर आठवड्याला भेटते. अजून विचारलेलं नाही.