घरातलं बाहेर

लक्सरच्या समोर, नाईलच्या पश्चिम काठावर, तफीदाइतकी संशयी बाई शोधून सापडली नसती. भाकरीची कणीक उन्हात फुगायला ठेवली की ही दारात पहाऱ्याला. कुणी चिमूटभर तोडून नेली तर? नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला, तय्यबला, तिनंच वाढवलं. तो बोटीतून पर्यटकांना नदीपार पोचवायचा. त्याच बोटीत त्याला इल्से भेटली.

आमच्याकडे परदेशी बायकोचं कुणाला नवल नाही. वकिलासमोर दोन सह्या ठोकून लग्नाचा उर्फी, म्हणजे बिननोंदणीचा, कागद करायचा, उन्हाळा तापला की बाई मायदेशी, कागद पेटीत. तय्यबनं मात्र इल्सेला कैरोला नेऊन रीतसर सरकारी नोंदणी केली, आणि तफीदाच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारची शफीका आगीत तेल ओतायला होतीच. "अगं, उर्फीवर व्हिसा देत नाहीत. नोंदणी झाली की बायकोच्या देशात राहायला जाता येतं. नाहीतर तिनं इथं राहावं की! नवऱ्याच्या नावावर परवाना निघतो तिचा."

"मग का राहत नाही?"

"तिची आई म्हणे अंथरुणाला खिळलीय."

"रोज लेकीशी फोनवर खिदळते, ती अंथरुणाला खिळलेली?" तफीदा म्हणाली.

एकदा तिनं भावाला धारेवर धरलं. "खरं सांग. तुला बाई हवीय की तिकडचा कागद?"

"बाई, ताई."

"कागदवालेही हेच म्हणतात."

हे लग्न खोटंच असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. खोटं असलं तर आज ना उद्या मोडेल आणि तिकडं गेला तरी पोरगा घरी परत येईल. त्याच्यावाचून तिला कुणी नव्हतं, पण हे बोलून दाखवेल ती तफीदा कसली!

इल्सेच्या देशाच्या वकिलातीतून व्हिसाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. निघताना तिनं त्याला बजावलं, "काय विचारायचं ते विचारू देत. घरातलं बाहेर सांगायचं नाही. आपल्यात परक्या पुरुषासमोर आईचं नावसुद्धा कुणी घेत नाही."

तय्यब बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. तिथं नवराबायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. बायको कुठल्या कुशीवर झोपते? काय घालून झोपते? विचारणारा पुरुष, आणि शेजारी बसलेला दुभाष्या तर आपल्याच मुलखातला, किनाचा. तय्यबचे कान तापले. प्रत्येक प्रश्नाला त्याचं एकच उत्तर: "मला माहीत नाही." पलीकडच्या खोलीत इल्सेनं सगळं खरं खरं सांगून टाकलं होतं. अर्ज फेटाळला. लग्न खरं वाटत नाही म्हणे.

इल्से अंगणात बसून रडली. "याला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही?" तय्यब खाली मान घालून उभा. तफीदा खिडकीतून बघत होती. रडणंही शिकवलेलं असेल, असं तिला वाटलं. आत कुठंतरी बरंही वाटलं, ते कशाला लपवा.

त्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा बोलावणं आलं. या वेळी तफीदानं पुन्हा बजावलं नाही. सांगितलेलं पोराच्या लक्षात होतं.

तय्यब परतला तो संध्याकाळी. इल्से प्रवासानं दमून आत आडवी झाली. तो भिंतीला टेकून बसला, जेवणाला हात लावेना.

"विचारलं?"

"तेच सगळं."

"मग?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं, ताई. विचारलं नव्हतं तेसुद्धा."

"तो किनावाला ऐकत होता?"

"खाली बघून भाषांतर करत होता." तय्यब म्हणाला. "व्हिसा मिळाला."

तफीदानं मनाशी हिशेब केला. कागदासाठी माणूस खोटं बोलतो. काठावरचे कितीतरी बोललेत, तेही हसत हसत. पण दोन परक्या पुरुषांसमोर बायकोची झोप उघडी करायची, ही शरम कागदासाठी कुणी गिळत नाही. पोराला बाईच हवी होती. इतक्या दिवसांचा तिचा संशय एका क्षणात फिटला. त्याबरोबर हेही कळलं, की हे लग्न मोडायचं नाही आणि हा परत यायचा नाही.

तिनं ताट त्याच्यापुढं सरकवलं. "जेव," ती म्हणाली. "आणि तिलाही उठव. उपाशी नको झोपायला."