विषावर पोथी बांधू नये

डॉ. भास्करराव यांना मी पहिल्यांदा भेटलो ते साठच्या दशकात, धंतोलीतल्या त्यांच्या हाडांच्या दवाखान्यात. नोकरी मागायला गेलो होतो. वाटलं, हाडांविषयी काही विचारतील. त्यांनी मला व्हरांड्यातल्या सतरंजीवर बसवलं, कारण तो गुरुवार होता आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी पोथी सुरू व्हायची होती. मी पोथीपुराणाचा माणूस नव्हे. गरजवंताला अक्कल नसते म्हणून मांडी घातली. त्यानंतर उमेदीची सारी वर्षं त्यांच्या हाताखाली गेली, पण त्या सतरंजीवरून उठावंसं वाटलं नाही.

शस्त्रक्रियेतलं त्यांचं कौशल्य इतर मंडळी सांगतीलच. मला सांगायचं आहे ते त्यांच्या वाचनाबद्दल. पुराणातले देव-दानव ते बाहेर शोधत नसत. समुद्रमंथनाच्या अध्यायात म्हणत, "हा समुद्र म्हणजे आपलं मन. घुसळलं की आधी विषच वर येतं. ते पाहून माणूस स्वतःचाच न्यायाधीश होतो आणि शिक्षा ठोठावतो. अमृतही त्याच पाण्यात आहे, हे पाहायला थांबतच नाही."

रामटेककडच्या कौसल्याबाई अशीच शिक्षा भोगत होत्या. त्यांच्या मुलीचा, मंदाचा पाय पोलिओनं लुळा पडला होता. ताप आला तेव्हा आधी गंडेदोरे केले, हे बाईंच्या मनातून जाईना. लवकर आणलं असतं तरी पाय वाचला नसता, असं डॉक्टरसाहेबांनी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. "पोरीचा पाय मीच खाल्ला," एवढंच त्या म्हणत. प्रसादाला हात लावत नसत. मंदाला कुबड्यांवर उभं केलं की तोंड फिरवत, आणि आईची पाठ दिसली की पोर कुबड्या टाकून देई. असंच चाललं असतं तर ती कधीच चालली नसती.

एका गुरुवारी पोथीत समुद्रातून विष वर आलं, तिथंच डॉक्टरसाहेब थांबले आणि पोथी फडक्यात बांधू लागले. आमच्याकडे अशुभ प्रसंगावर पोथी बांधत नाहीत. संकट टळेपर्यंत वाचायचंच. मंडळी चुळबुळली. शेवटी कोपऱ्यातून कौसल्याबाईच बोलल्या, "असं विषावर नाही बांधत पोथी, डॉक्टरसाहेब. पुढचं वाचा नं."

"मग तुम्ही आपली काहून बांधून ठेवली, बाई?"

बाई खूप रडल्या. डॉक्टरसाहेबांनी फडकं सोडलं आणि अमृतापर्यंत वाचलं. त्या दिवशी बाईंनी प्रसाद घेतला. दुसऱ्या सकाळी त्या मंदासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. "ये वं माय, मी पाहून राहिली." मंदा चालली, आणि मला भर दवाखान्यात रडू आलं.

यंदा डॉक्टरसाहेबांना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं. हात कापतो म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया सोडली, ते योग्यच. पण वाचताना ओळी चुकतात म्हणून पोथीही बंद केली. "आता मी कशाच्याच कामाचा नाही," असं ते म्हणू लागले. आमचं कोणाचंच चालेना. मग मंदाताई, ज्या आता जरीपटक्यातल्या शाळेत शिक्षिका आहेत, आईला घेऊन आल्या. कौसल्याबाईंनी बांधलेली पोथी डॉक्टरसाहेबांपुढं ठेवली.

"सोडा," त्या म्हणाल्या. "विषावर नाही बांधत."

डॉक्टरसाहेबांनी कापत्या हातांनी गाठ सोडली.

त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. गुरुवारी पोथी आहे. ओळी चुकतील तर चुकोत, आम्ही सारे सतरंजीवर असू.