ट्रॅकबॅक ठेवायचा का उडवायचा?

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. चार माणसं दर रविवारी एकाच टपरीवर चहाला बसली की ते आपोआप साचतात. पाण्याचं तसं नव्हतं! दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद चारी बाजूंनी फुगत चाललेलं, आणि नळ मात्र कधी चौथ्या दिवशी, कधी सहाव्या.

त्या दिवसांत आम्ही चौघं ब्लॉग लिहायचो. मी बजाजनगरचा, वाळूजला कंपनीत क्वालिटीला. शिंदे सर भूगोलाचे रिटायर्ड शिक्षक. सलीमभाई शहागंजला घड्याळं दुरुस्त करायचे आणि जुन्या शहरावर लिहायचे. आणि संगीताताई, शाळेत शिक्षिका, औरंगाबादच्याच सातारा परिसरातल्या नव्या कॉलनीत राहायला.

आमचा कायमचा वाद एकच, ट्रॅकबॅक. म्हणजे तुमच्या लेखाबद्दल दुसऱ्या कुणी स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं आणि तुमची लिंक दिली, की तुमच्या कमेंटमध्ये त्याची चिठ्ठी आपोआप येऊन पडते. चिठ्ठीत त्याच्या लेखाचं नाव आणि दोन ओळी. आता ही चिठ्ठी लोकांना दाखवायची का उडवायची?

* * *

शिंदे सरांना पहिला ट्रॅकबॅक आला तेव्हा ते काय असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं, हे कुणा गृहस्थाचं आडनाव!

सरांनी खाली उत्तर टाकलं, "आदरणीय ट्रॅकबॅक साहेब, अभिप्रायाबद्दल आभारी आहे."

आठवड्यानं दुसरा आला. सरांनी पुन्हा आभार मानले. तिसऱ्या वेळी टपरीवर आले ते तणतणतच.

"विद्वान माणूस आहे, माझं सगळं वाचतो. पण तीनदा लिहिलं, एकदाही उत्तर नाय. एवढी कसली घमेंड!"

* * *

संगीताताईंनी 'अर्ध्या बादलीत अंघोळ' असा लेख लिहिला. खाली पहिलाच ट्रॅकबॅक कुठल्यातरी परदेशी जाहिरातीचा. घरामागं स्विमिंग पूल बांधा, उन्हाळा सुखाचा करा!

ताईंची आई तेव्हा गंगापूरहून आलेली. तिनं विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"परसात पाण्याचा हौद बांधून देतो म्हणतोय."

आई सरसावून बसली. "हौद बांधंल तो. भरायला टँकर बी त्याचाच का, तेवढं इचार!"

* * *

सलीमभाईंच्या एका लेखाखाली अकरा ट्रॅकबॅक. आम्ही चाट! उघडून बघितलं तर अकराच्या अकरा त्यांच्याच ब्लॉगचे. प्रत्येक नव्या लेखात ते स्वतःच्या जुन्या लेखाची लिंक द्यायचे, आणि चिठ्ठी फिरून त्यांच्याच दारात.

टपरीवाला चाचा सगळं ऐकत होता. म्हणाला, "सलीमभाई, ये क्या बात हुई? दूल्हा भी आप, क़ाज़ी भी आप, बाराती भी आप!"

* * *

माझी गत वेगळी नव्हती. माझ्या लेखावर 'सदतीस कमेंट' असा आकडा दिसला आणि मी बायकोला हाक मारली. "बघ, लोक वाचतात आपल्याला!"

तिनं शांतपणे एकेक उघडलं. छत्तीस ट्रॅकबॅक, सगळे जाहिरातींचे. सदतिसावी कमेंट तिच्या भावाची, "दाजी, फोन उचला."

* * *

या सगळ्यानंतर शिंदे सरांचं मत ठरलं. "कमेंट म्हणजे आपली बैठकीची खोली. तिथं आलेल्यानं बसावं, बोलावं. चौकात उभं राहून आपल्याबद्दल बोलणाऱ्याला घरात कशाला घ्यायचं?"

सलीमभाई म्हणाले, "सर, जो चौक में बोलता, उसकूच तो अंदर बिठाना. नाय तर आपल्याला कळणार कसं, काय बोलतो ते?"

त्यावर तीन रविवार भांडण चाललं. चौथ्या रविवारी संगीताताई आल्या. चेहरा उतरलेला.

* * *

झालं होतं असं. कॉलनीत पाइपलाइन नव्हती, सगळा भार टँकरवर. एक दिवस रांगेत एक बाई ताईंच्या पुढं घुसली, कळशी भरली आणि निघून गेली. ताईंनी संतापून लेख लिहिला, 'निळ्या कळशीची बाई'. नाव नव्हतं, पण कॉलनीत सगळ्यांना कळलं. ब्लॉगवर चाळीस जणांनी त्या बाईला धुऊन काढलं. आम्हीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू!

आणि आता एक ट्रॅकबॅक आला होता. नवाकोरा ब्लॉग, त्यावर एकच लेख, 'ती बाई मीच'.

बाई झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करायची. तिनं लिहिलं होतं, "सासूबाईला लकवा मारलेला. बाहेरून कडी लावून पाण्याला येते, दहा मिनिटांत माघारी जावं लागतं. मी ताईंना इचारलं होतं, पुढं जाऊ का म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, मला वाटलं हो म्हणाल्या. त्यांच्या कानात वायर होती. गाणी ऐकत असतील."

शिंदे सर घाईनं म्हणाले, "उडवून टाका. घरात येऊन भांडायचं काय कारण?"

ताई खाली बघत म्हणाल्या, "गाणी नव्हती हो सर. बातम्या होत्या. पाणीटंचाईच्या!"

सरांनी चहा तसाच ठेवला.

ताईंनी ट्रॅकबॅक ठेवला. नुसता ठेवला नाही, स्वतःच्या लेखाच्या डोक्यावर लिहिलं, 'आधी खालची लिंक वाचा, मग हे.' चाळीसातल्या सात-आठ जणांनी आपली कमेंट मागं घेतली. मीही घेतली.

पुढचा टँकर आला तेव्हा ताई रांगेत उभ्या, कान मोकळे. मागून ती बाई आली. रांगेतल्या माना तिकडं वळल्या. ताई बाजूला सरकल्या, "या, तुम्ही पुढं व्हा."

"नाय, राहू द्या. आज मालक हायेत घरी." बाई मागंच थांबली.

ताई म्हणाल्या, "माझं चुकलं हो. सगळं नीट लिहिते मी परत."

"व्हय, लेखाच्या वर लिवलंय ते वाचलं मी. चांगलं केलं." बाईनं कळशी कमरेवरून काढून ताईंच्या समोर धरली. "पण ही निळी नाय, ताई. हिरवी हाय. तेवढं बदला."