गुरूवरचा वारा

आमच्या शेजारच्या बाई शाळेत विज्ञान शिकवतात. वारा सुटला की सगळे गच्चीवरचे कपडे काढायला धावतात. बाई मात्र ओट्यावर उभ्या राहून हसतात. "अरे भाऊ, ये तो कुछ भी नही! गुरू ग्रहावरच्या लाल वादळात वारा ताशी चारशे किलोमीटरच्या वर पळतो."

यंदा वैशाखात वादळानं जसोंडीच्या शिवारातली आमची केळीची बाग आडवी केली. सकाळी बाई बांधावर आल्या. त्या आता तेच सुरू करतील म्हणून मीच चिडून म्हणालो, "गुरूवर याहून जोरात असेल, नाही का?"

"तिथं जमीनच नाही रे भाऊ," त्या हळू म्हणाल्या. "वाऱ्याला पाडायला तिथं काहीच नाही."

मग पदर खोचून त्या माझ्या आईशेजारी बसल्या आणि हिरवे घड कापू लागल्या. पहाटेपासून न थांबता घड कापणारी आई तेव्हा रडली.